रात्री काही खाल्लं नाही, तरी सकाळी साखर आली कुठून?

तालुक्याचा बाजार सोमवारी भरतो, म्हणून ग्रामीण रुग्णालयातल्या आमच्या बीपी-शुगरच्या खोलीसमोर खरी रांग लागते तीही सोमवारीच. श्रावण लागून आठेक दिवस झाले होते. रांग संपत आली तेव्हा एक काकाजी आत आले, त्यांच्या मागून काकू. यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्ह्याच्या बाजूचं गाव. ८ एकर कोरडवाहू, पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि मधल्या तासांत तूर. वय ५८, शुगर निघून ६ वर्षं झालेली. (त्यांना विचारूनच हे लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

काकाजी खुर्चीवर बसलेच नाहीत. पिशवीतून एक वही काढून त्यांनी माझ्यासमोर उघडून धरली.

"म्याडम, हे पाहा. रातच्यानं मी पान्याशिवाय तोंडात काई घेत नाई. बावीस दिवस झाले. मंग सकायी हे साखर येते कोठून?"

वहीत एकाखाली एक आकडे होते. १६८, १७४, १८१, १७०, १८४. तारीख नाही, वेळ नाही, नुसते आकडे. पुण्याला कंपनीत असलेल्या मुलानं मीटर पाठवलं होतं. काकाजी रोज सकाळी उठल्याबरोबर बोट टोचायचे, आकडा लिहायचे आणि मुलाला फोनवर सांगायचे.

काकू दाराशीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोट्टा म्हन्ते, बाबा लपून खाऊन राह्यले. मी डब्यातली साखर मोजून ठेवली म्याडम. गुळाची ढेपही पाह्यली. चिमूटभर कमी नाई."

मला आधी सुचलं ते इथं लिहिलंच पाहिजे. मीही त्यांना विचारलं, "रात्री खरंच काही नाही? दूध? एखादं केळं?" त्यांनी नाही म्हटलं, तरी मी पुन्हा विचारलं. तेव्हा ते खाली बसले आणि हळूच म्हणाले, "तुमालेही तसंच वाटते का?" या खोलीत बसून इतकी वर्षं झाली, तरी आकडा मोठा दिसला की माणसावरच संशय घ्यायची सवय माझीही सुटलेली नव्हती. मी त्यांची माफी मागितली. मग खुर्ची जवळ ओढली आणि आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली.

उपाशीपोटी साखर जास्त कशी, हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच. कुणाची जेवणानंतरची साखर १६० असते आणि सकाळची १७५. लोकांना वाटतं मशीन बिघडलं, किंवा गोळी नकली निघाली. यातलं बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं.

काकाजींना मी विचारलं, "घरात धान्याची कणगी होती का पूर्वी?" होती, आजोबांच्या वेळची. म्हटलं, आपलं काळीज ज्याला म्हणतात ते नव्हे, त्याच्या खाली उजव्या बरगड्यांच्या आड जे यकृत आहे, लिव्हर, ती शरीराची कणगी. दिवसा आपण जेवतो तेव्हा जास्तीची साखर तिथं भरून ठेवली जाते. रात्री आपण झोपतो, पण मेंदू झोपत नाही, हृदय थांबत नाही. त्यांना साखर लागतेच. मग यकृत कणगीतून थोडी थोडी साखर रक्तात सोडत राहतं. शरीर निरोगी असेल तर इन्शुलिन मापाला बसलेलं असतं. पुरे झालं की ते कणगीचं तोंड बंद करतं. मधुमेहात इन्शुलिन कमी पडतं किंवा त्याचं कुणी ऐकत नाही, आणि कणगी वाहत राहते.

त्यात पहाटेची गोष्ट वेगळी. साधारण ३ वाजल्यापासून शरीर उठायच्या तयारीला लागतं. कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन असे संप्रेरक वाढतात आणि ते यकृताला सांगतात, माणूस आता उठून कामाला लागेल, साखर सोड. हे तुमच्यात होतं, माझ्यातही होतं. माझं इन्शुलिन ती वाढ सांभाळून घेतं, काकाजींचं घेऊ शकत नाही. म्हणून तोंडात दाणा न टाकता साखर चढते.

"मंग मी उपाशी राह्यलो ते?"

त्याचा फारसा उपयोग झाला नव्हता. कणगीतलं संपत आलं तर यकृत नवी साखर बनवतं, आणि त्यासाठी स्नायूंमधली प्रथिनंही वापरतं. बावीस दिवसांत काकाजींचं वजन अडीच किलोनं उतरलं होतं. पट्टा एक भोक आत गेला होता. सकाळचा आकडा मात्र जिथल्या तिथं.

काकू इतका वेळ गप्प होत्या. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "म्हन्जे हे खरं बोलत होते." मी हो म्हटलं. काकाजींनी वही मिटली नाही, पण तिच्यावर हात ठेवला.

एवढ्यावर ते समाधानानं घरी गेले असते. पण काकू निघता निघता सहज बोलून गेल्या, "आन् मागच्या हप्त्यात यायले वावरात फवारा लागला होता, तवापासून भेव वाटते."

फवारा लागला, हे शब्द यवतमाळ जिल्ह्यात कुणी सहज घेत नाही. २०१७ साली याच जिल्ह्यात पऱ्हाटीवर औषध फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून वावरात कुणाला घाम फुटला, गरगरलं, की पहिला विचार तोच येतो, आणि यावाही. पण मला तपशील हवा होता. काय वाजले होते? सकाळी काय खाल्लं होतं? गोळी कधी घेतली?

हळूहळू सगळा दिवस उलगडला. काकाजी सकाळी ६ वाजता बोट टोचायचे. आकडा मोठा दिसला की जीव घाबरायचा, आणि शुगरच्या दोन गोळ्यांपैकी ग्लिमेपिराइडची, म्हणजे त्यांच्या भाषेत "बारीक गोळी", ते एकाच्या जागी दीड घ्यायचे. हे कुणालाच माहीत नव्हतं, काकूंनाही नाही. वर बिनसाखरेचा काळा चहा. कुणीतरी सांगितलं म्हणून अर्धा पेला कडुनिंबाचा रस. मग फवारणीचा भरलेला पंप पाठीवर घेऊन वावरात. शिदोरी सोडायची ती दुपारी दीड-दोनला.

ही बारीक गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही, हे ती बघत नाही. म्हणून ती जेवणाबरोबर घ्यायची असते. काकाजी ती जेवणाच्या सात तास आधी घेत होते, दीडपट घेत होते, आणि वर अंगमेहनत करत होते. मेहनत करताना स्नायू रक्तातली साखर भराभर ओढून घेतात. त्या दिवशी ११ च्या सुमारास त्यांचे हात थरथरायला लागले, शर्ट घामानं भिजला, डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि मदतीला आलेल्या पुतण्यावर ते विनाकारण ओरडले. पुतण्यानं पंप उतरवून धुऱ्यावर बसवलं. शेजारच्या वावरातल्या बाईनं थर्मासमधला गोड चहा दिला. पंधरा-वीस मिनिटांत बरं वाटलं.

गोड चहानं बरं वाटलं, इथं मला दिशा मिळाली. विषबाधेनं आलेला घाम चहानं उतरत नाही. तिच्यात तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येतं, बुबुळातली काळी बाहुली टाचणीएवढी बारीक होते, मळमळ होते, श्वास जड होतो. साखर उतरली तर थरथर, घाम, धडधड, सपाटून भूक, चिडचिड, बोलणं अडखळणं. घाम आणि गरगरणं मात्र दोन्हीकडं सारखं. म्हणून वावरात उभं राहून हा निवाडा कुणी करू नये, हेही मी दोघांना स्पष्ट सांगितलं. फवारणी चालू असताना असं काही झालं तर आधी पंप उतरवायचा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला यायचं, कपडे बदलायचे, साबणानं हात-तोंड धुवायचं. माणूस शुद्धीवर असेल, नीट गिळू शकत असेल, तर साखरेचं पाणी द्यायचं, आणि रुग्णालयाची वाट धरायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही, कुशीवर निजवायचं आणि १०८ ला फोन करायचा.

हात धुण्याचं मी दोनदा सांगितलं. काकाजी म्हणाले होते, आता शर्टाच्या खिशात गुळाचा खडा ठेवत जाईन. फवारणी करणाऱ्याच्या खिशातला गूळ! औषधाच्या हातानं काढायचा आणि तोंडात टाकायचा. साखरेची पुडी डब्यात घालून धुऱ्यावर शिदोरीच्या पिशवीत, सोबत साबणाची वडी आणि पाण्याची वेगळी कॅन, असं ठरलं. प्रमाण किती, तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात ढवळून. पंधरा मिनिटं थांबायचं, मीटर असेल तर पुन्हा पाहायचं, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. आणि साखर वर आली की भाकर खायची, कारण गोळीचा जोर अजून संपलेला नसतो.

त्यांना घेऊन मी लगेच वैद्यकीय अधिकाऱ्यांकडं गेले. माझं काम समजावून सांगण्याचं. गोळी कमी-जास्त करण्याचा अधिकार त्यांचा. डॉक्टरांनी जास्तीची अर्धी गोळी त्याच क्षणी बंद केली आणि बारीक गोळी घासाबरोबरच घ्यायची असं बजावलं. किडनीसाठी क्रिएटिनिन आणि एचबीए१सी, म्हणजे आमच्याकडं लोक जिला "तीन महिन्यांची शुगर" म्हणतात ती तपासणी करायला सांगितली. ती ८.४ आली. बाकी औषधाचं ठरवण्याआधी त्यांना दिवसभराचं चित्र हवं होतं.

आता चित्र कसं मिळवायचं? मीटरच्या पट्ट्या महाग. दिवसाला पाच वेळा टोचा, हे सांगणं सोपं आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला ते परवडत नाही. मी अनेकांना सांगते तसंच काकाजींना सांगितलं: रोज एकच पट्टी, पण वेळ बदलून. सोमवारी उठल्यावर, मंगळवारी सकाळच्या जेवणानंतर दोन तासांनी, बुधवारी वावरात ११ ला, गुरुवारी रात्रीच्या जेवणाच्या वेळी, शुक्रवारी दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी. काही विचित्र वाटलं तर मात्र वेळ न बघता लगेच. आणि आकड्यापुढं दोन गोष्टी लिहायच्या: शेवटचा घास कधी, आणि त्याआधी काम काय केलं. त्यांच्या वहीत बावीस आकडे होते, पण ते एकाच वेळेचे होते. रोज सकाळी ६ ला विहिरीत डोकावून दुपारी पाणी किती उरतं हे कसं कळणार?

पुढच्या सोमवारी वही आली. अक्षर काकूंचं होतं. बुधवारची नोंद: "११ वा. ६४. हात कापले. ७ वा. अर्धी भाकर खाल्ली होती. ४ पंप मारले." म्हणजे एकच गोळी घेऊन, थोडं खाऊनही साखर उतरत होती. त्याच दिवशी रात्री ८ ची नोंद, घाबरून काढलेली: "२४६." मध्ये काय झालं होतं? साखरेचं पाणी पिऊन झाल्यावर भूक आवरेना, म्हणून शिदोरीतल्या तीन भाकरी एकदम, वर दोन चहा, दोन्ही गोड. शरीरानंही साखर उतरल्याच्या धसक्यात कणगी उघडली होती. ६४ आणि २४६ एकाच दिवशी, एकाच माणसाला.

काकाजींना २४६ ची भीती होती, मला ६४ ची. मी वहीवर बोट ठेवून त्यांना साखळी दाखवली. सकाळी आकडा मोठा, म्हणून गोळी जास्त आणि खाणं कमी. म्हणून दुपारी साखर खाली. म्हणून घाबरून खाणं भरपूर. म्हणून रात्री साखर वर. म्हणून रात्री उपास. आणि यकृताच्या कारभारामुळं सकाळी पुन्हा मोठा आकडा. ते बराच वेळ पानाकडं पाहत राहिले. "म्हन्जे मीच बैल आन् मीच घाना," ते म्हणाले.

डॉक्टरांनी वही पाहिली. बारीक गोळी निम्म्यावर आणली. दुसऱ्या गोळीची, म्हणजे मेटफॉर्मिनची, संध्याकाळची मात्रा जेवणाबरोबर थोडी वाढवली, कारण ती यकृतातून सुटणारी साखर कमी करते आणि एकटी असेल तर साखर सहसा धोक्याइतकी खाली नेत नाही. क्रिएटिनिन चांगलं होतं म्हणून हे जमलं. रात्रीचा उपास बंद. ८ च्या आत एक भाकर, घट्ट वरण, भाजी, आणि मग पारापर्यंत चालत जाऊन यायचं.

भाकरीवर थोडं बोलावं लागलं. काकाजींनी भात आणि पोळी सोडली होती, ज्वारीची भाकर मात्र मोजत नव्हते, कारण ज्वारीनं शुगर वाढत नाही असं गावात सगळेच म्हणतात. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठातही ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, गव्हापेक्षा फार कमी नाहीत. तंतू चांगले, पोट भरतं, भाकर खावीच. पण तीन भाकरी म्हणजे तीन भाकरी.

डॉक्टरांना अजून एक शंका फेडायची होती. बारीक गोळीमुळं मध्यरात्री साखर खाली जात असेल तर? झोपेत ते कळत नाही. कधी घामानं भिजलेली उशी, वाईट स्वप्नं, सकाळी जड डोकं एवढ्याच खुणा. म्हणून पहाटे ३ ला एकदा पाहायला सांगितलं.

पोळ्याला मुलगा पुण्याहून येणार होता. मी काकाजींना म्हटलं, ही तपासणी त्याला करू द्या.

पोळ्यानंतरच्या सोमवारी तिघंही आले. मुलानं मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवले होते. पोळ्याच्या आदल्या दोन रात्री तो वडिलांच्या खाटेजवळ गजर लावून झोपला होता. पहिल्या रात्री ३ वाजता १३६, सकाळी ६ ला १७२. एका रात्रीचा फरक मीटरच्या चुकीतही बसला असता, म्हणून मी दोन रात्री करायला सांगितलं होतं. दुसऱ्या रात्री १४१ आणि १८०. मधल्या तीन तासांत मुलगा जागाच होता. वडील झोपलेले, त्यांचा हात त्याच्या हाताशी.

मध्यरात्री साखर खाली जात नव्हती हे डॉक्टरांच्या कामाचं. मुलाच्या कामाचं दुसरंच काही होतं. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "मी दीड महिना रोज फोनवर बाबांना तेच बोललो." काकाजींनी त्याला पुढं बोलू दिलं नाही. "म्याडम, त्याले पुरनपोयीचं सांगा, थो विचारत होता," म्हणून त्यांनी विषय बदलला.

 पोळ्याला पुरणाची पोळी काकाजींनी दीड खाल्ली होती, तुपासोबत, आणि दोन तासांनी २१८ आली होती. मुलाला तो आकडा गंभीर वाटला. मी म्हटलं, आकड्यापुढं काय लिहिलंय ते वाचा. "पोळा. दीड पोळी." कारण समोर आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा नेहमीच्या जागी आला आहे. सणाच्या दिवशीची एक नोंद सांभाळता येते. महिनाभर रोज दुपारी कारण नसताना तसाच आकडा येत असता, तर मी स्वतःहून डॉक्टरांकडं नेलं असतं.

मुलाचे प्रश्न पुष्कळ होते, आणि ते बहुतेक घरांत असतात. एकाच बोटाला लागोपाठ टोचलं तर १४८ आणि १६३ कसे? घरच्या मीटरला तेवढी सूट असते. १०० च्या वरच्या आकड्यांत १५ टक्के इकडंतिकडं झालं तरी मीटर आंतरराष्ट्रीय मानकात बसतं. म्हणजे १४८ आणि १६३ हा एकच आकडा समजायचा. दहा-पंधराच्या फरकावर आनंदही नको आणि रडूही नको.

हात धुवायचे कशाला? त्याला मी वरुडकडच्या संत्र्याच्या बागेत तोडणीला जाणाऱ्या एका बाईंचं सांगितलं. मीटर २९० दाखवत होतं, त्या रडत आल्या होत्या. त्यांनी येता येता संत्रं सोललं होतं. साबणानं हात धुवून पुसून पुन्हा पाहिलं तर १५८. बोटाला लागलेला फळाचा रस रक्ताच्या थेंबात मिसळला होता. सॅनिटायझर लावून हे जातंच असं नाही. साबण आणि पाणी, आणि हात कोरडा.

पट्ट्यांचं आमच्याकडं वेगळं सांगावं लागतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, आणि टिनाच्या घरात फळीवर ठेवलेली पट्ट्यांची डबी भाजून निघते. बहुतेक डब्यांवर ३० अंशांच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं. घरातली सगळ्यांत थंड, कोरडी जागा शोधावी, झाकण लगेच लावावं. इन्शुलिनवाले माठ वापरतात, ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं, आणि ते चांगलं काम करतं. पट्ट्यांना मात्र ओल चालत नाही.

आणि सिकलसेल, तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. विदर्भात हे न विचारता तीन महिन्यांच्या शुगरवर भरवसा ठेवू नये, असं माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललं आहे. ती तपासणी तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते, आणि पेशी चार महिने जगते हे गृहीत धरते. सिकलसेलच्या रुग्णात ती काही आठवडेच जगते, कधी त्याहून कमी. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. नुसता वाहक असेल तर पेशी बहुधा पुरतं आयुष्य जगतात, पण काही यंत्रांना त्या हिमोग्लोबिननं गोंधळायला होतं. उलट लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग असेल तर आकडा खरा आहे त्यापेक्षा वर दिसू शकतो, आणि आमच्या भागात बायकांमध्ये तो घरोघरी आहे. बोटाचे आकडे आणि तीन महिन्यांची शुगर जुळत नसेल, तर माणूस खोटं बोलतो म्हणण्याआधी हे विचारावं. काकाजींच्या घरी सिकलसेल नव्हता, तपासणी झालेली होती.

ऑक्टोबरात ते एकदा मध्येच आले, सोमवार नसताना. चार दिवस आकडे २३० च्या खाली येत नव्हते, वहीतलं खाणं-काम सगळं नेहमीसारखं. मी चप्पल काढायला सांगितली. उजव्या पायाच्या अंगठ्याला तुराटीचं खुटूक लागलेलं, पिकलेलं, आणि त्यांना ते नीट जाणवलंही नव्हतं. जखम, ताप, दाढेचा पू, लघवीची जळजळ, यातलं काहीही साखर वर ढकलतं. शरीर लढाईला उभं राहतं आणि पुन्हा कणगी उघडते. अशा वेळी खाणं तोडून काही होत नाही. ड्रेसिंग आणि अँटिबायोटिकनं आठवड्यात जखम भरत आली, आकडे मागोमाग उतरले. आता काकू रोज रात्री त्यांचे तळपाय पाहतात.

नोव्हेंबरात, सीतादही म्हणजे कापूस वेचण्याआधीची वावरातली पूजा होऊन वेचा सुरू झाल्यावर, तीन महिन्यांची शुगर पुन्हा केली. ७.५ आली. सकाळचे आकडे १३० ते १४५ च्या दरम्यान. बऱ्याच प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत हे लक्ष्य धरतात, पण उन्हात दिवसभर राबणाऱ्या आणि एकदा ६४ वर गेलेल्या माणसाला डॉक्टरांनी घाईनं खाली ओढलं नाही. श्रावणातल्या त्या ६४ नंतर ७० च्या खाली एकही नोंद नव्हती. मला त्या रिपोर्टपेक्षा याचा आनंद जास्त झाला, आणि मी तो बोलूनही दाखवला.

वही आता दुसरी होती. प्रत्येक आकड्यापुढं काहीतरी लिहिलेलं. "लग्नात जेवन." "दिवसभर वेचा." "झोप नाई, वावरात रानडुकरं." "भावाची तब्येत." एका ओळीवर काकाजींनी बोट ठेवलं. १९८, सकाळी ६. त्यापुढं काहीच नव्हतं.

"याचं कारन सापडलं नाई म्याडम. लय इचार केला. खानं तेच, काम तेच, पायही पाह्यले. हात धुतले होते."

मी पण शोधलं. आधीचा दिवस, नंतरचा दिवस, दोन्ही नेहमीसारखे. दुसऱ्या दिवशी १३८.

"असू द्या रिकामं," मी म्हटलं.

त्यांनी वही काकूंकडं दिली. काकूंनी ती बाजाराच्या पिशवीत, वांग्यांवर आडवी ठेवली, आणि दोघं गोळ्यांच्या खिडकीकडं गेले.